तास मोजणारे कोणी नसते तेव्हा

वाचकाचे पत्र

“मॅडम, सप्रेम नमस्कार. मी भोसरी एम.आय.डी.सी.मधील एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत २१ वर्षे हिशेब विभाग सांभाळतो. आम्ही वाहनांचे सुटे भाग बनवतो. माझे वय ४७, शिक्षण एम.कॉम. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे २४ वर्षांची एक मुलगी रुजू झाली. तिची सी.ए.कडची उमेदवारी (आर्टिकलशिप) झाली आहे आणि ती सी.ए. फायनलचे पेपर देते आहे. जी.एस.टी.ची टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आमच्या खरेदीशी जुळवायला मला दर महिन्याला दोन दिवस लागत. तिने ते काम अर्ध्या तासात करून दाखवले. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आता तुम्हीही जरा अपडेट व्हा.’ ते शब्द मनातून जात नाहीत. सी.ए. मंडळींना दर वर्षी ठरावीक तास शिकावेच लागते, असे ऐकतो. आमच्यासारख्यांचे तास कोण मोजणार? ४५ हजार रुपयांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पाहून ठेवला आहे. मुलगी बारावीला आहे, तरी पैसे उभे करीन. तो अभ्यासक्रम करावा का, आणि या वयात त्याचा उपयोग होईल का?” — एक वाचक, दिघी

स. न. वि. वि.

पैशांचे आधी सांगते, कारण ते घाईचे आहे. हे ४५ हजार रुपये आज भरू नका. अभ्यासक्रम वाईट असेल असे मला म्हणायचे नाही. पण तुम्हाला नेमके काय येत नाही, हे तुम्ही अजून तपासलेले नाही, आणि जे तपासलेले नाही त्यावर मुलीच्या बारावीच्या वर्षात एवढी रक्कम घालणे मला पटत नाही. मालकांच्या एका वाक्याने मनाला लागले म्हणून जे शिकायला घेतले जाते, ते बहुधा त्या वाक्याला उत्तर देण्यासाठी असते आणि दोन महिन्यांत राग ओसरला की अर्धवट राहते. सहा महिन्यांनी कदाचित तुम्ही एखादा अभ्यासक्रम घ्यालही, पण तेव्हा तो का घेत आहात हे तुम्हाला एका ओळीत सांगता येईल.

आता तासांविषयी. तुम्ही ऐकले ते खरे आहे. प्रॅक्टिस करणाऱ्या आणि वयाची ६० वर्षे पूर्ण न झालेल्या सनदी लेखापालाला २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या खंडात १२० तास शिक्षण पूर्ण करावे लागत होते. त्यांपैकी किमान ६० तास सी.ए. संस्थेने मान्य केलेल्या चर्चासत्रांत, कार्यशाळांत किंवा अभ्यासवर्गांत सहभागी होऊन, आणि तेही दर वर्षी किमान २० तास. उरलेले तास स्वतःच्या वाचनातून, लेखनातून, शिकवण्यातून मिळवता येत. मी ३१ वर्षे सी.ए. म्हणून प्रॅक्टिस करते आहे आणि या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण तिच्यामुळे माझ्या व्यवसायातील कोणालाही ‘परीक्षा झाली, आता पुस्तक मिटले’ असे म्हणता येत नाही. पण त्या तासांनी काय होते आणि काय होत नाही, हे तुम्हाला नीट कळावे म्हणून माझ्याच बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगते.

२०१८ च्या पावसाळ्यात मी जी.एस.टी.वरच्या एका दिवसभराच्या चर्चासत्राला गेले होते. सहा तास मन लावून ऐकले, वहीत टिपणे काढली, तास जमा झाले. पुढच्या उन्हाळ्यात एका जुन्या क्लायंटच्या ऑडिटला बसले असताना धनकोंची यादी समोर आली, आणि तिच्यात आठ-नऊ महिने पैसे न दिलेल्या तीन पार्ट्या दिसल्या. मालाचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते आणि तिच्यावर व्याज द्यावे लागते. ती वजावट कोणी परत केलेली नव्हती. क्लायंटने व्याजासह रक्कम भरली, मला एका शब्दाने बोलला नाही. त्या रात्री मी जुनी वही उघडली तर तो १८० दिवसांचा नियम माझ्याच अक्षरात लिहिलेला होता, खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मला नियम माहीत होता. तो ऐकून परत आल्यावर ‘आपल्या कोणत्या क्लायंटला हा लागू होतो?’ असा प्रश्न मी एकाही फाइलला विचारला नव्हता, एवढेच झाले होते आणि तेवढ्याने नुकसान झाले.

तेव्हापासून मी शिकण्याची दिशा उलटी केली. आधी फाइलमधला प्रश्न, मग त्याचे उत्तर शोधण्यासाठी वाचन, आणि उत्तर मिळाल्यावर कामात जो बदल करायचा तो त्याच आठवड्यात. चर्चासत्रांना मी आजही जाते, पण खिशात दोन-तीन प्रश्न घेऊन जाते. जगभरच्या लेखापाल संस्थांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, त्याच्या निरंतर शिक्षणाविषयीच्या मानकाची सुधारित आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू झाली, आणि तिचाही भर माणूस किती तास बसला यापेक्षा त्याला काय करता येऊ लागले यावर आहे. म्हणून तुमचे तास कोणी मोजत नाही, हे तुम्हाला वाटते तेवढे मोठे उणे नाही. सी.ए. संस्थेच्या नियमातील एक गोष्ट मात्र जरूर उचला: दर वर्षीचा किमान वाटा. तीन वर्षांचे शिकणे तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरवर टाकता येत नाही, हे त्या नियमातले शहाणपण आहे. तुम्ही वर्षाऐवजी महिना धरा. महिन्याला एक प्रश्न, त्याचे एक लेखी उत्तर.

आता त्या अर्ध्या तासाकडे वळते, कारण तुमचे मन तिथेच अडकले आहे. त्या मुलीने काय केले असेल ते मी सांगू शकते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून खरेदीचे रजिस्टर एक्सेलमध्ये घेतले, पोर्टलवरून टू-बी उतरवून घेतली, आणि एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरी या साधनात दोन्हीकडचे बिल क्रमांक एका साच्यात आणले. तुमच्या नोंदीत ‘४१७’ असते, पुरवठादाराने ‘२५-२६/०४१७’ असे भरलेले असते. सुरुवातीचे वर्ष, मधली तिरकी रेघ, त्यानंतरचे शून्य, चुकून पडलेली मोकळी जागा हे सगळे एकदा काढून टाकायची पायरी लिहिली की पुढच्या महिन्यात नुसते ‘रिफ्रेश’ करायचे. तुम्ही आजवर हेच डोळ्यांनी आणि पेन्सिलीने करत होता. ही कला आहे आणि ती तुम्ही शिकलीच पाहिजे, पण तिला ४५ हजार रुपये लागत नाहीत. त्या मुलीशेजारी चार दुपारी खुर्ची टाकून बसलात तर ती येईल.

पण जुळवणी झाल्यावर खाली जी तीस-पस्तीस बिले उरतात, त्यांचे काय होते ते पाहा. तुमच्या भागांवर धातूचा मुलामा (प्लेटिंग) देणाऱ्या छोट्या जॉबवर्करचे बिल दिसत नाही, कारण तो तिमाही रिटर्न भरतो आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले वेगळी चढवण्याची सोय असूनही तो ती वापरत नाही. म्हणजे ते बिल तिमाहीच्या अखेरीस येणार. एकाचे बिल ३१ तारखेचे आहे आणि माल गेटवर ३ तारखेला आला. एकाने मागच्या खेपेला दर जास्त लावला म्हणून तुम्ही डेबिट नोट काढली होती आणि त्याने आपल्याकडे काहीच केले नाही. फोन कोणाला करायचा, कोण लगेच ऐकेल आणि कोणाचे पुढचे पेमेंट थांबवावे लागेल, हे २१ वर्षांच्या कामाने तुम्हाला दिले आहे. ते त्या मुलीकडे नाही आणि कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही. जुळणारी बिले यंत्राकडे सोपवा. न जुळणारी बिले हेच खरे हिशेबनिसाचे काम आहे, आणि आता त्यासाठी तुम्हाला महिन्याचे दोन दिवस मोकळे मिळाले आहेत.

आणखी एक गोष्ट तुम्ही विसरला आहात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी.एस.टी.चे दर बदलले आणि वाहनांचे सगळे सुटे भाग १८ टक्क्यांच्या एकाच दरात आले. त्यांपैकी जे २८ टक्क्यांत होते त्यांचा दर एका रात्रीत उतरला. त्या आठवड्यात तुमच्या कंपनीत टॅलीतले दर कोणी बदलले? २२ तारखेआधी निघालेला आणि नंतर पोचलेला माल, आधी घेतलेले ॲडव्हान्स, नंतर आलेला परतावा यांचे काय करायचे ते कोणी ठरवले? माल, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी बदलाच्या ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर लागतो, हे तुम्ही तेव्हा कोणाला तरी विचारून किंवा कुठेतरी वाचून समजून घेतलेच असणार, नाहीतर बिले निघाली नसती. ते शिकणेच होते. फक्त त्याची नोंद तुम्ही ठेवली नाही, म्हणून आज मालकांना दाखवायला हातात काही नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे एक जाड वही घ्या. तिच्यावर ‘प्रश्न’ असे लिहा. व्हाउचर करताना, पेमेंट सोडताना, रिटर्न भरताना जिथे हात क्षणभर थांबतो आणि आपण ‘दर वेळी असेच करतो’ म्हणून पुढे जातो, तिथे एक ओळ लिहून ठेवा. पंधरा दिवसांत वीस-पंचवीस ओळी होतील. त्यांतला जो प्रश्न कंपनीला सर्वांत महाग पडू शकेल, तो पहिल्या महिन्याचा.

तुमचा कारखाना भोसरीत आहे, म्हणून पहिला प्रश्न कोणता असावा हे मी पैजेवर सांगते: लहान पुरवठादारांची देणी. हा एकच प्रश्न नीट सोडवलात तर चार कायद्यांतून फिरून याल. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर करारातील मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात, माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायचे असतात, म्हणजे हिशेब विभागाला गेटवरचा इनवर्ड शिक्का आणि स्टोअरचे जी.आर.एन., म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पाहावे लागते. तुमच्या टॅलीत ती तारीख नोंदली जाते का? बहुतेक कारखान्यांत जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही.

त्यापुढे आयकर. मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून मिळते, ही तरतूद करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून आली. रिटर्नच्या तारखेआधी पैसे दिले तर चालते ही इतर देण्यांना असलेली सवलत इथे नाही. मार्चअखेरीस थकलेल्या जॉबवर्करांच्या बिलांनी त्या वर्षी कित्येक कारखान्यांचा करपात्र नफा कसा फुगला, हे तुमच्या शेजारच्या गाळ्यातला हिशेबनीसही सांगेल. त्यापुढे कंपनी कायदा: ४५ दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या देण्यांचे सहामाही विवरण कंपनीला ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर या तारखांपर्यंत द्यावे लागते. आणि शेवटी तो १८० दिवसांचा जी.एस.टी.चा नियम, जो मी दोन रेघा मारून विसरले होते.

यातला बारकावा असा की १ एप्रिल २०२५ पासून उद्योगांच्या व्याख्या बदलल्या. सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणुकीची मर्यादा अडीच कोटी आणि उलाढालीची १० कोटी झाली. लघू उद्योगासाठी २५ कोटी आणि १०० कोटी. म्हणजे पूर्वी ‘मध्यम’ म्हणून ज्याला तुम्ही या यादीतून वगळले होते, तो पुरवठादार आज ‘लघू’ असू शकतो. दुसरीकडे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याकडे सरकारची लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी असली तरी ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी आहे, त्या नोंदणीवरून त्याला उशिराच्या पेमेंटचे संरक्षण मिळत नाही. पुरवठादारांची यादी काढून प्रत्येकाकडून उद्यम प्रमाणपत्र नव्याने मागवा, टॅलीत प्रत्येकाच्या नावापुढे ‘सूक्ष्म’, ‘लघू’, ‘मध्यम’, ‘व्यापारी’ अशी खूण करा, आणि दर सोमवारी ज्यांची मुदत त्या आठवड्यात संपते त्यांची यादी मालकांच्या टेबलावर ठेवा. ही यादी बनवायला पुन्हा तीच पॉवर क्वेरी लागेल. म्हणजे तंत्र शिकायचे ते हातातल्या गरजेसाठी, आणि असे शिकलेले विसरत नाही.

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अर्ध्या पानात लिहून काढा, मराठीत लिहिलेत तरी चालेल. प्रश्न काय होता, कोणत्या कायद्यात किंवा नियमात उत्तर सापडले, आपण आजवर काय करत होतो, उद्यापासून काय करणार, आणि तारीख. लिहिल्याशिवाय समजल्याचा भास होतो. लिहायला बसले की कुठे धूसर आहे ते लगेच दिसते. ऑडिटला सी.ए. येतील तेव्हा ही टिपणे त्यांच्यापुढे ठेवा आणि ‘यात काही चुकले आहे का?’ असे विचारा. कोणत्याही चांगल्या ऑडिटरला असा हिशेबनीस हवाच असतो, आणि तो अर्धा तास तुम्हाला आनंदाने देईल.

वाचायचे कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. मोबाइलवर येणारे निरोप आणि दहा मिनिटांचे व्हिडिओ ही फक्त बातमी समजा. उत्तर मूळ मजकुरातच पाहा. कायदे, नियम आणि परिपत्रके आयकर आणि जी.एस.टी.च्या सरकारी संकेतस्थळांवर आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सी.ए. संस्था आपल्या विद्यार्थ्यांसाठी जे अभ्यास साहित्य तयार करते, ते तिच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. इंटरचे कराचे आणि लेखाशास्त्राचे खंड उदाहरणांसह इतके नीट लिहिलेले असतात की मी माझ्या ऑफिसातल्या प्रत्येक नव्या मुलाला आधी तेच वाचायला लावते. इंग्रजीची अडचण वाटत असेल तर पेन्सिल घेऊन बसा. कायद्याचे वाक्य लांब असते, पण त्यात क्रियापद एकच मुख्य असते. ते आधी शोधा, मग कोणी करायचे, कधी करायचे, आणि ‘परंतु’ म्हणून पुढे कोणता अपवाद येतो, असे तुकडे पाडा. पहिल्या कलमाला तास लागेल. पाचव्याला वीस मिनिटे.

वयाबद्दल तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर मी आयकर कायद्यातून देते. १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. त्यात ५३६ कलमे आणि १६ अनुसूच्या आहेत, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आले आहे, आणि पैसे देतानाच कर कापण्याची, म्हणजे टी.डी.एस.ची, एवढी सगळी कलमे, जी तुमच्या-माझ्या जिभेवर बसली होती, ती पगारासाठी ३९२ आणि इतर बहुतेक सगळ्यांसाठी ३९३ अशा दोन कलमांत आली आहेत. १९४सी म्हणताच कंत्राटदार आणि १९४जे म्हणताच व्यावसायिक फी डोळ्यांपुढे येणारे आपण सगळे त्या दिवशी एकाच ओळीत येऊन उभे राहिलो. तुमची २४ वर्षांची सहकारी जुना कायदा पाठ करून आली आहे, तिलाही नवे क्रमांक शिकायचे आहेत. शिवाय आर्थिक वर्ष २०२५-२६ चे रिटर्न जुन्या कायद्यानेच भरायचे असल्याने काही काळ दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालणार आहेत, आणि जुन्याचा सराव असलेल्या माणसाची तिथे गरज लागणार आहे. तुम्ही दोघांनी मिळून एक तक्ता करा: डावीकडे तुमच्या कंपनीला लागणारे प्रत्येक जुने कलम, उजवीकडे नवे, तिसऱ्या रकान्यात दर आणि मर्यादा. तिने शोधायचे, तुम्ही तपासायचे. पुढच्या महिन्यात उलट. लहान उद्योगांच्या देण्यांची तरतूद नव्या कायद्यात कुठे गेली, तिथून सुरुवात करा.

एका सवयीबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ती आपल्या पिढीची आहे. मागच्या तारखेला जाऊन एन्ट्री दुरुस्त करणे आपल्याला पूर्वी नीटनेटकेपणा वाटे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, ती सोय बंद करता येता कामा नये, आणि ऑडिटरला आपल्या अहवालात त्याविषयी लिहावे लागते. चूक झाली तर आजच्या तारखेला दुरुस्तीची एन्ट्री आणि तिच्याखाली कारण लिहिणे हेच आता नीटनेटके काम आहे. नवे शिकण्याइतकेच जुने सोडणेही शिक्षणात येते, आणि आपल्या वयाला ते जास्त जड जाते, हे मी अनुभवाने सांगते.

आता मालक. ते सगळ्यांसमोर बोलले हे बरे झाले नाही; २१ वर्षे ज्याने घर समजून काम केले त्याला ते बाजूला बोलावून सांगायला हवे होते. तुम्हाला लागले यात तुमचे काही चुकले नाही. पण त्या वाक्याचा तुम्ही उपयोग करून घ्या. टू-बीतून वाचलेल्या दोन दिवसांपैकी आठवड्याला दोन तास शिकण्यासाठी कामाच्या वेळेत द्यावेत, अशी त्यांच्याकडे लेखी मागणी करा, कारण हे शिकणे कंपनीचे व्याज आणि कर वाचवणारे आहे. ते तास कारखान्याच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीवर ढकलू नका. तो दिवस घरचा आणि बारावीतल्या मुलीचा आहे. मराठा चेंबर, जे पुण्यात १९३४ पासून उद्योगांसाठी काम करते आहे, तिथे कर आणि हिशेबांविषयीची प्रशिक्षणे होत असतात. तुमच्या वहीतल्या प्रश्नांशी जुळणारे एखादे दिसले तर त्याची फी कंपनीने भरावी असे सुचवा, आणि परत आल्यावर ऑफिसातल्या सगळ्यांना त्यावर अर्धा तास सांगण्याची तयारी दाखवा. अशी मागणी सहसा फेटाळली जात नाही.

त्या मुलीकडून शिकण्यात कमीपणा मानू नका, आणि तिला शिकवण्यातही हात आखडता घेऊ नका. ती फायनल झाली की बहुधा जाईल. तोवर तिला न जुळणाऱ्या बिलांचे मर्म कळले आणि तुम्हाला पॉवर क्वेरी आली, तर दोघांचाही व्यवहार चोख झाला. मुळात ती तुमच्या खुर्चीसाठी आलेली नाही, हे तिच्याशी चार दिवस बोललात तर तुमच्याच लक्षात येईल.

सहा महिन्यांनी वहीत सहा टिपणे असतील आणि तीन-चार प्रश्न असे उरतील की ज्यांना एकट्याच्या वाचनाने उत्तर मिळत नाही. कदाचित ते कॉस्टिंगचे असतील, कदाचित २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमुळे ग्रॅच्युइटीची तरतूद किती वाढवायची याचे असतील. तेव्हा त्या प्रश्नांची यादी हातात धरून अभ्यासक्रमाची माहितीपत्रिका उघडा. यादीतले निम्म्याहून जास्त प्रश्न तिच्यात सापडले तर पैसे भरा.

पहिल्या महिन्याचे टिपण, कंपनीचे नाव आणि आकडे काढून, मला पाठवलेत तर मी ते वाचीन आणि जिथे चुकले असेल तिथे खुणा करून परत पाठवीन.